दर पावसाळ्यात अडणारं ऐनाचं दार: रंधा मारण्याआधी हे तपासा

जुलै लागला की फोन सुरू होतात. दार अडतं. उघडताना खांदा लावावा लागतो, लावताना गुडघा. मग कुणीतरी सुतार येतो, कडेवर रंधा फिरवतो, दार मोकळं होतं आणि गणपतीची चवथ पार पडते. जानेवारीत त्याच दाराच्या फटीतून रस्त्यावरची गाडी दिसते. पुढच्या जुलैत दार पुन्हा अडतं आणि पुन्हा रंधा फिरतो.

असं आठ-दहा वर्षं चाललेली दारं माझ्याकडे येतात, तेव्हा त्यांची कुलपाकडची उभी पट्टी बिजागरीकडच्या पट्टीपेक्षा चांगली बोटभर अरुंद झालेली असते. दोन पिढ्यांनी जपलेलं ऐनाचं लाकूड आपण दरवर्षी थोडं थोडं रंध्याच्या छिलक्यात घालवतो. मला ते बघवत नाही, म्हणून सविस्तर लिहितो आहे. गोव्यात डिचोलीत माझं लाकूडकाम चालतं आणि या एका तक्रारीवर मी बरेच पावसाळे घालवले आहेत.

आधी ऐन ओळखून घ्या

महाराष्ट्रात ऐन, कुठे साजड, आणि गोव्यात मत्ती. शास्त्रीय नाव टर्मिनालिया इलिप्टिका, जुन्या पुस्तकांत टर्मिनालिया टोमेंटोसा. मोले, नेत्रावळी, खोतीगाव, कुठल्याही बाजूने जंगलात शिरा, मगरीच्या पाठीसारखी चौकोनी भेगांची साल असलेलं उंच झाड दिसलं की तो ऐन. लाकडाचा गाभा तपकिरी, त्यात काळपट पट्टे. चांगला रंधलेला तुकडा उन्हात तिरका धरला की ते पट्टे पाण्यासारखे हलतात. याच नक्षीसाठी इंग्रज काळात हे लाकूड ‘इंडियन लॉरेल’ या नावाने विलायतेत फर्निचरसाठी जायचं. इकडे मात्र तुळया, वासे, खांब, नांगर, बैलगाडी, होडी अशी सगळी कष्टाची कामं त्याच्याकडे. सागाची ऐपत नसेल तिथे ऐन, असा जुना हिशेब होता.

वजनाला ऐन भारी. सुका साग घनमीटरला साधारण 650 किलो भरतो, ऐन 850च्या आसपास. आपल्या वखारीच्या भाषेत सागाचा घनफूट 18 ते 19 किलोंचा आणि ऐनाचा 24 किलोंचा. हा आकडा लक्षात ठेवा, बिजागऱ्यांपाशी तो पुन्हा लागणार आहे.

दाराच्या दृष्टीने ऐनाचा खरा स्वभाव म्हणजे तो फार हलतो. लाकूड कुठलंही असो, हवेतली ओल ते पितं आणि सोडतं. आपल्याकडे वर्षाला सुमारे 3,000 मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. जुलै-ऑगस्टात हवेतली आर्द्रता 85-90 टक्क्यांवर असते. तेव्हा उघडं लाकूड वजनाच्या 17 ते 20 टक्के पाणी धरून बसतं. डिसेंबर ते फेब्रुवारीत तेच 11 ते 13 टक्क्यांवर येतं. पॉलिश केलेल्या दारात हा चढउतार जरा कमी असतो, पाच टक्के धरा.

आता फुगण्याचा हिशेब. ओला साग पूर्ण वाळेपर्यंत वर्षवलयांच्या दिशेने सुमारे 5.3 टक्के आकसतो आणि गाभ्यापासून सालीच्या दिशेने 2.6 टक्के. ऐन याच्या सुमारे दीडपट आकसतो. पाच टक्के ओल वाढली तर सागाची आडवी चिरलेली फळी रुंदीला जवळजवळ 1 टक्का वाढते आणि ऐनाची सुमारे 1.4 टक्के. म्हणजे फूटभर रुंदीला चार मिलिमीटर. लांबीला मात्र वाढ जवळपास शून्य. म्हणूनच दार उंचीने फुगलं असं कुणी म्हणालं तर ते मानू नका. उंबरठ्याला दार घासत असेल तर कारण दुसरं असतं.

इथे एक गैरसमज काढून टाकतो, कारण तो मी रोज ऐकतो. ‘जुन्या घराचं लाकूड आहे, शंभर वर्षांचं, आता कसलं हलतंय.’ हलतं. मुरलेलं लाकूड नव्यासारखं वेडंवाकडं होत नाही, हे खरं. पण पावसात पाणी पिणं आणि थंडीत सोडणं ते मरेपर्यंत सोडत नाही. पाडलेल्या घराचा ऐन आणून त्याची दारं करणाऱ्यांनी हे आधी पक्कं समजून घ्यावं.

अडतं कुठे, ते खडूने विचारा

शाळेतला साधा खडू घ्या. चौकटीच्या आतल्या कडेला, वर, खाली आणि दोन्ही बाजूंनी घासा. दार सावकाश लावा आणि उघडा. दाराच्या कडेवर जिथे पांढरं उमटेल तिथे ते घासतं. अंदाजाने रंधा मारू नका, खडूला पाच मिनिटंसुद्धा लागत नाहीत.

पांढरं फक्त कुलपाकडच्या वरच्या कोपऱ्यात आणि खाली उंबरठ्यापाशी उमटलं, तर दार फुगलेलं नाही, लोंबलेलं आहे. बिजागरी सुटली आहे. वर सांगितलेलं वजन आठवा. सात फूट बाय तीन फूट, दीड इंच जाडीचं सपाट ऐनाचं दार साठ किलोंच्या पुढे जातं, सागाचं पन्नासच्या आत राहतं. लोक सागाच्या सवयीने दोन बिजागऱ्या लावतात आणि वरची बिजागरी दोन वर्षांत स्क्रू ओढून काढते. ऐनाला तीन बिजागऱ्या हव्यातच, आणि तिसरी मध्यावर न लावता वरच्या बिजागरीच्या थोडी खाली लावा, कारण ओढ तिथे असते. ढिल्या भोकात आगपेटीच्या काड्या कोंबू नका. भोक रुंद करून त्यात लाकडाची खुंटी गोंदाने बसवा, वाळू द्या आणि नवं भोक पाडा. ऐनात भोक न पाडता स्क्रू पिळला तर लाकूड तरी चिरतं किंवा स्क्रूची मान तरी तुटते. स्क्रूला थोडं मेण किंवा साबण लावा. आणि स्क्रू पितळेचे किंवा स्टेनलेसचे घ्या. ऐनात टॅनिन असतं, साध्या लोखंडाशी ओलाव्यात गाठ पडली की भोवती शाईसारखा काळा डाग पसरतो आणि तो लाकडात खोल जातो.

खडू जर चौकटीच्या एकाच बाजूला, खालच्या दोन फुटांत उमटला, तर चौकटीकडे बघा. चिऱ्याची भिंत पाणी शोषते. बाहेरून शेवाळ चढलंय का, पन्हळीचं पाणी भिंतीवर पडतंय का, ते तपासा. चौकटीच्या दोन्ही कर्णांना सुतळी लावून माप घ्या. कर्णांत फरक आला तर चौकट कलली आहे, आणि दार कितीही रंधलं तरी ते त्या चौकटीत बसायचं नाही. आधी भिंतीचं पाणी थांबवा.

आणि कुलपाकडची अख्खी कड वरपासून खालपर्यंत सारखी पांढरी झाली, तर दार खरोखर फुगलं आहे. आता पुढचं वाचा.

आरसा घ्या

दाढीचा छोटा आरसा दाराखाली सरकवा आणि टॉर्च मारा. दाराची तळाची कड दिसेल. मी बघितलेल्या दारांत बहुतेक वेळा तिथे कोरं लाकूड असतं. समोरून तीन हात पॉलिश, मागून तीन हात पॉलिश, आणि तळाला काही नाही, कारण दार बसवल्यावर ब्रश तिथे पोचत नाही आणि बसवण्याआधी कुणाला सुचत नाही. स्टुलावर चढून वरची कड बघा, तिथेही तेच. बोट फिरवा, खरखरीत लागेल आणि बोटाला धूळ चिकटेल.

उभ्या पट्ट्यांची टोकं नेमकी तिथे असतात. झाड जिवंत असताना ज्या नळ्यांतून पाणी वर चढायचं, त्या नळ्यांची तोंडं म्हणजे ही टोकं. सपाट बाजूपेक्षा इथून ओल कित्येक पटींनी वेगाने आत जाते. खाली ओली फरशी, पडवीतून उडणारे शिंतोडे, पुसलेल्या लादीचं पाणी. दाराला आपण रेनकोट घातला आणि पाय पाण्यात ठेवले, असा प्रकार.

दुसरी कोरी जागा आपण स्वतः करतो. गेल्या पावसाळ्यात रंधा मारलेली कड. सुतार रंधा मारून निघून जातो, पॉलिशवाला पुन्हा कोण बोलावणार, आणि ती ताजी उघडी कड चारही महिने पाणी पीत राहते. पुढच्या वर्षी दार पुन्हा का अडतं, याचं सर्वांत सामान्य उत्तर हे आहे.

पॅनेल पकडून ठेवलंय का

हा भाग सुतारसुद्धा विसरतात, म्हणून जरा थांबून सांगतो.

जुन्या कारागिरांनी दार कडेने उभ्या-आडव्या पट्ट्या आणि मधे पॅनेल, म्हणजे पातळ फळी, असं का केलं? फक्त दिसायला नव्हे. आडव्या पट्ट्यांचे रेषे दाराच्या रुंदीच्या दिशेने जातात आणि त्या दिशेला लाकूड वाढत नाही. म्हणजे दाराची रुंदी वाढते ती फक्त उभ्या पट्ट्यांच्या रुंदीइतक्या हिशेबाने. मधलं पॅनेल खाचेत सुटं बसलेलं असतं, ते आतल्या आत फुगतं आणि आकसतं. तीन फुटांची सलग फळी पावसात बारा मिलिमीटर वाढेल, तर चार-चार इंचांच्या दोन उभ्या पट्ट्यांचं दार तीन मिलिमीटरही वाढणार नाही. इतकी साधी, इतकी हुशार रचना. पण पॅनेल सुटं राहिलं तरच.

आमच्या तालुक्यातल्या एका घरी दोन झडपांचं ऐनाचं मुख्य दार आहे. घरातल्या आजी दरवर्षी विचारायच्या, “मेस्त, यंदा चवथीला तरी दोन्ही झडपा उघडणार ना?” गणपती आणायचा, माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या सजावटीचं, सामान आत न्यायचं, आणि एकच झडप उघडी. तीन वर्षं मीही रंधाच मारला होता. चौथ्या वर्षी मी मापं घ्यायचं ठरवलं. जानेवारीत दोन्ही झडपा मिळून 1,142 मिलिमीटर. ऑगस्टात त्याच जागी 1,153. अकरा मिलिमीटरची वाढ.

त्या दारात उभ्या पट्ट्या चार, प्रत्येकी 95 मिलिमीटर, एकूण 380. त्याचे 1.4 टक्के म्हणजे पाच मिलिमीटरच्या थोडं वर. मग उरलेले सहा आले कुठून? पातळ पत्र्याची पट्टी घेऊन मी पॅनेल आणि खाच यांच्या मधे सरकवायचा प्रयत्न केला. जाईना. कधीतरी पॅनेल थंडीत खडखडतात म्हणून कुणीतरी खाचेत पांढरा गोंद भरला होता, त्यावर लांबी (पुट्टी), त्यावर ऑइलपेंटचे थरावर थर. पॅनेल फुगलं की त्याला जागा नाही, ते दोन्ही उभ्या पट्ट्यांना बाहेर ढकलत होतं. सांध्याजवळ बघितलं तर कुसू, म्हणजे आडव्या पट्टीचं सांध्यात बसणारं टोक, त्याच्या भोकातून केसभर बाहेर सरकलेला दिसला. आणखी काही वर्षं गेली असती तर सांधेच उघडले असते. मी रंधा मारत होतो आणि रोग पॅनेलात होता.

तुमच्या दाराचं असंच माप घ्या. एकदा जानेवारीत, एकदा ऑगस्टात, वर, मध्ये आणि खाली अशा तीन जागी. उभ्या पट्ट्यांच्या एकूण रुंदीच्या दीड टक्क्याहून वाढ बरीच जास्त निघाली, तर पॅनेल अडकलं आहे असं समजा.

पाऊस चालू असताना एवढंच करा

ऑगस्टात दार उतरवू नका, रंधा मारू नका. बिजागरीचे स्क्रू आवळा. खडूने दाखवलेल्या जागी पांढरी मेणबत्ती घासा. तेवढ्याने भागलं नाही तर फक्त त्या डागावर 80 नंबरचा पॉलिश पेपर मारून मिलिमीटरभर काढा आणि त्याच दिवशी, हात धुण्याआधी, त्या जागेला लाखेच्या पॉलिशचे दोन हात द्या. लाख ओल्या हवेतही लवकर सुकते आणि हवेतली ओल चांगली अडवते. थेंबांचं पाणी तिला सोसत नाही, पण डिसेंबरपर्यंत निभावून नेईल.

खरं काम डिसेंबर ते फेब्रुवारीत

दार उतरवा आणि दोन लाकडी घोड्यांवर आडवं ठेवा. पॅनेलच्या भोवतीचा जुना रंग आणि लांबी धारदार पटाशीने काढा. खिळे मारलेले असतील तर उपटा. गोंद असेल तर वेळ लागेल, पण घाई करून पॅनेलची कड फोडू नका. आजींच्या दाराचं एकेक पॅनेल सुटायला मला अर्धा दिवस लागला. पॅनेल हाताने ढकलल्यावर केसभर इकडेतिकडे सरकलं पाहिजे. थंडीच्या दिवसांत 250 मिलिमीटर रुंदीच्या ऐनाच्या पॅनेलला दोन्ही बाजूंनी खाचेत दोन-दोन मिलिमीटर जागा मोकळी हवी. खडखडाट नको असेल तर वर आणि खाली अगदी मध्यावर एकेक बारीक पितळी पिन मारा. मग पॅनेल दोन्हीकडे सारखं हलेल. नवं पॅनेल करत असाल तर ते बसवण्याआधीच पूर्ण पॉलिश करा. नाहीतर मार्चमध्ये ते आकसलं की कडेला कोऱ्या लाकडाची फिकट रेघ उघडी पडते आणि गिऱ्हाईक म्हणतं की पॉलिश अर्धवट केलंय.

आता तळ आणि माथा. पॉलिश पेपर मारून, धूळ झटकून, पॉलियुरेथेन किंवा होडीला वापरतात ते मरीन व्हार्निश घ्या. पहिला हात पातळ करून द्या, लाकूड तो पिऊन टाकतं. दुसराही बराचसा आत जातो. पृष्ठभागावर चकाकी राहीपर्यंत द्यायचा, ऐनाला चार हात लागतात. चौकटीच्या पायाला आणि चिऱ्याला टेकणाऱ्या पाठीला जुनी माणसं काजूच्या टरफलाचं तेल लावायची. ते काळं करतं, पण ओल आणि वाळवी दोन्हींना दूर ठेवतं. दिसणार नाही अशा जागी मी आजही तेच वापरतो. मात्र हातमोज्यांशिवाय त्याला हात लावू नका, कातडी भाजते.

दाराच्या दोन्ही बाजूंना सारखेच हात द्या. आतून चकचकीत आणि बाहेरून कोरडं असं दार एका बाजूने जास्त पाणी पितं आणि बाक घेतं. बाक आलेलं दार सरळ करणं हे फुगलेलं दार बसवण्यापेक्षा फार कठीण काम आहे. कच्चं जवसाचं तेल मी गोव्यात बाहेरच्या दाराला सुचवत नाही, पावसात त्यावर काळी बुरशी धरते.

रंधा मारायचाच तर आता, सगळ्यांत शेवटी. थंडीत कुलपाच्या बाजूला चार मिलिमीटर फट ठेवा. दोन झडपांचं दार असेल तर दोन झडपा एकमेकींना भेटतात तिथेही तेवढीच. फट बघून गिऱ्हाईक नाराज होतं, त्याला जुलैची आठवण करून द्या. रंधलेल्या कडेला लगेच हात द्या, संध्याकाळवर टाकू नका.

नवं दार करणार असाल तर

वखारीत फळीचं टोक बघा. वर्षवलयांच्या रेघा टोकावर उभ्या दिसत असतील तर ती फळी उभ्या पट्टीसाठी निवडा, ती कमी हलते. रेघा आडव्या, बशीसारख्या दिसल्या तर ती लहान पॅनेलला ठेवा. कडेचा फिकट भाग घेऊ नका, त्याला किडा लवकर लागतो. ताजा ऐन वाळताना फार त्रास देतो. उन्हात टाकला की वरून भेगा आणि टोकांना चिरा पडतात. टोकांना रंग किंवा मेण लावून, मधे पट्ट्या घालून, छपराखाली सावलीत रचून ठेवा. जाडीच्या इंचाला वर्षभर वाळवण हा नेहमीचा हिशेब, ऐनाला मी त्याहून जास्त देतो. आणि स्वतःच्या बागेतला ऐन असला तरी 1984च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली परवानगी घेतल्याशिवाय कुऱ्हाड लावू नका.

आजींच्या दाराची यंदाच्या ऑगस्टातली वाढ सहा मिलिमीटर होती. मापं मी झडपेच्या वरच्या कडेवर, व्हार्निशखाली, पेन्सिलने तारखेसकट लिहून ठेवली आहेत. पुढे त्या दाराला जो कुणी हात लावेल, त्याने स्टुलावर चढून आधी ती वाचावीत.